कंसाचं भाषांतर

"तोंड उघडा, यशवंतराव. निदान बोटभर तरी उघडा," अच्युत मास्तर माझ्या वडिलांना विनवत होते.

बाबांनी जोर लावून पाहिलं. त्यांना गालगुंड झालं होतं. दोन्ही गाल तव्यावरच्या भाकरीसारखे टम्म फुगले होते आणि ओठांतून जो आवाज आला, तो ना मराठी होता ना पोर्तुगीज. मास्तर मटकन ओसरीवर बसले.

"संपलं! दुपारी नाटक, आणि दुभाष्याला दातखीळ. आता रवळनाथानेच बघावं."

तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि आमचं वेळशी गाव त्या राज्याच्या अगदी काठावर होतं. गावाखालून नदी वाहायची. पलीकडे हिंदुस्थान. आदल्या पावसाळ्यात सत्याग्रही नदी ओलांडून आले, गोळीबार झाला, माणसं पडली. तेव्हापासून आमच्यावर नियमांचा पाऊस सुरू झाला होता. लग्नाची पत्रिका छापायची तर आधी दाखवा. चार माणसं जमणार असतील तर आधी सांगा. जत्रेचं नाटक, जे आजोबा-पणजोबांपासून रात्रभर चालायचं, ते दिवसाउजेडी करा आणि सूर्य मावळायच्या आत गुंडाळा. आणि नाटक चालू असताना सरकारचा एक शिपाई समोर बसणार, त्याला प्रत्येक वाक्य पोर्तुगीजमध्ये समजावून सांगायचं. सांगणारा नसेल तर नाटक नाही.

सांगणारे म्हणजे बाबा. ते पोस्टात कारकून होते. गावात पोर्तुगीज येणारं दुसरं माणूस एकच होतं आणि ते त्या क्षणी दाराआड उभं राहून ऐकत होतं.

ते माणूस म्हणजे मी.

मास्तरांची नजर माझ्याकडे वळली तशी आतून चंद्राआत्याचा आवाज आला, "मास्तरांनो, मनात आणू नका. लग्नाची मुलगी आहे ती."

चंद्राआत्या बाबांची थोरली बहीण. मला पेडण्याच्या पोर्तुगीज शाळेत घातलं तेव्हा ती महिनाभर बाबांशी बोलली नव्हती. "पोरीला पाखल्यांची भाषा शिकवून काय गव्हर्नराला द्यायची आहे?" असं ती विचारायची. गोऱ्या पोर्तुगीजांना आमच्याकडे सगळे पाखलेच म्हणत.

"आत्या, देवाचं नाटक आहे," मी म्हणाले. खरं सांगायचं तर देवापेक्षा मला नाटक पुढच्या रांगेतून बघायला मिळणार याचाच आनंद जास्त होता. बायकांना एरवी खांबाआडून बघावं लागे.

आत्याने थोडा वेळ विचार केला. मग पदर खोचून ती बाहेर आली. "बसेल ती. पण मधे मी बसेन."

---

देवळासमोरच्या अंगणात मांडव घातला होता. फेब्रुवारीचं ऊन तिरपं होऊन थेट रंगमंचावर येत होतं. ज्या नाटकाला आम्ही लहानपणी घाबरून आईच्या कुशीत शिरायचो, त्याची उन्हात पार दैना झाली होती. पूतना राक्षसीचा काळा रंग घामाने ओघळून तिचं, म्हणजे शिवा सुताराचं, अर्धं तोंड गोरं दिसत होतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग शिपाई आला. सायकलवरून, खांद्याला बंदूक. उंच, काळाकभिन्न, आफ्रिकेतल्या मोझांबिकचा. तिथेही पोर्तुगीजांचंच राज्य होतं आणि आमच्यावर पहारा ठेवायला ते तिथली माणसं आणत. गावात त्यांना सरसकट 'खापरी' म्हणत. त्यांच्यातल्या कुणाला नाव असेल आणि ते विचारावं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ह्याच्या बाहीवर पट्टी होती म्हणून ह्याला 'काबो' म्हणत, म्हणजे नाईक-हवालदारातला. बाजारात ह्याला पाहून पोरं पळून जात.

त्याच्यासाठी खुर्ची, आमच्यासाठी बाक. मधे आत्या, अंग चोरून, त्याचा वारासुद्धा लागणार नाही अशी. त्याने टोपी काढून आधी आत्याला नमस्कार केला. आत्याने समोर बघत मला विचारलं, "काय म्हणतो?"

"नमस्कार म्हणतो."

"म्हणू दे."

सुरुवातीला मी अगदी इमानेइतबारे काम केलं. सूत्रधार आला, गणपतीचं स्तवन झालं. मी सांगितलं, हा विद्येचा देव. काबोने मान डोलावली. त्याचं पोर्तुगीज माझ्यासारखंच होतं, शाळेत घोकून घेतलेलं. तो मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला होता. परके शब्द दोघांनीही जपून वापरायचे, असं आमचं चाललं होतं. आत्याच्या डोक्यावरून.

नाटक 'कंसवध'. त्याची संहिता मास्तरांनी कचेरीत दाखवून आणली होती. त्यात आक्षेप घेण्यासारखं काहीच नव्हतं, कारण ती शंभर वर्षांपूर्वीची होती.

मग ढोल वाजला आणि कंस आला.

कंस झाला होता बाबल गावस, नदीवर होडी चालवणारा आडदांड गडी. पण त्याच्या डोक्यावर मुकुट नव्हता. अर्ध्या दुध्या भोपळ्याचं कवच चुना फासून पांढरंफेक केलेलं होतं आणि त्याला पुठ्ठ्याची किनार लावून अगदी साहेबी टोपी बनवली होती. पेडण्याच्या आमच्या आदमिनिस्त्रादोराची, म्हणजे तालुक्याच्या पाखल्या अधिकाऱ्याची, होती अगदी तश्शी. बाबल तसाच एक खांदा पाडून चालत होता. दर तिसऱ्या शब्दाला नाकाला रुमाल लावत होता, जणू अख्ख्या मथुरेला वास मारतो आहे. साहेबाच्या मागे नेहमी एक केसाळ कुत्री असायची. ती कुठून मिळणार? म्हणून बाबलने दोरीला बांधून बकरीचं करडू ओढत आणलं होतं.

मांडवात क्षणभर कुणी श्वास घेतला नाही. मग मागून एकाने फिस्सकन हसू सोडलं आणि सगळा मांडव फुटला.

मी हसले नाही. मास्तर विंगेत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. तेव्हा मला कळलं की बाबांनासुद्धा ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या गावचे मास्तर असंच काहीतरी बोलले म्हणून दिवाळीआधी धरून नेले होते आणि अजून परत आले नव्हते.

"ऐका!" बाबल गरजला. "मी कंस! आजपासून मथुरेत लग्न करायचं तर नवरीचं तोंड आधी मला दाखवा. मूल जन्मलं तर त्याने रडण्याआधी परवाना घ्यावा. आणि ढोल वाजवायचा तर असा वाजवा की तो कुणाला ऐकू येणार नाही!"

मांडव हसून गदगदत होता. काबो माझ्याकडे वाकला. "काय म्हणतो तो?"

माझ्या डोळ्यांपुढे देवळामागची माडांची रांग होती. मी म्हणाले, "राजा म्हणतो, ह्या वर्षी नारळ चांगले आलेत."

काबोने बाबलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढं मोठं भाषण नारळांवर?"

"आमची भाषा लांबलचक आहे, सेन्योर."

"आणि लोक का हसतात?"

"तो राजा फार चिक्कू आहे. नारळ कुणाला देत नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे."

"काय गो?" आत्या कुजबुजली. तिला पोर्तुगीज येत नव्हतं, पण माझा आवाज कापतोय एवढं तिला कळत होतं. मी तिच्या हाताला चिमटा काढला. तिने माझा हात पदराखाली घट्ट धरून ठेवला.

त्यानंतर माझ्या तोंडून जे नाटक निघालं ते जगात कुणी लिहिलेलं नाही. रंगमंचावर देवकी-वसुदेवाला बेड्या पडल्या. मी सांगितलं, ह्या नवराबायकोने राजाच्या माडाखाली पडलेला नारळ उचलला. आकाशवाणी झाली. मी सांगितलं, हवामानाचा अंदाज आहे, वादळ येणार, नारळ उतरवून घ्या. कंस मुलांना मारायला निघाला.

"मुलांना का मारतो?" काबोने विचारलं. तो आता खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता.

"मारत नाही. ती माडावर चढतात म्हणून ओरडतो."

"पण ती बाई रडते आहे."

रडतच होती. देवकी झालेला महादू शिंपी दरवर्षी खरोखर रडायचा. मी म्हणाले, "तिच्या मुलाला राजाने दूरच्या बागेत कामाला पाठवलं. जहाजातून. तो परत येईल की नाही, तिला माहीत नाही."

काबोची नजर रडणाऱ्या देवकीवरच राहिली.

कृष्ण मोठा झाला, मथुरेला आला. करडाने ऐन वेळी दोरी सोडवून घेतली आणि ते कंसाच्या दोन पायांमधून पळालं. कंस पडला, तो ठरल्याआधीच. कृष्ण झालेला मोरू तेली गडबडला, पण लगेच सावरला. त्याने बाबलच्या छातीवर पाय ठेवला आणि संहितेत नसलेलं वाक्य सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हटलं:

"मथुरा कंसाची नाही! मथुरा मथुरेतल्या माणसांची!"

अख्खा मांडव उठून उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, देवळाच्या घंटा. आणि त्या गदारोळात काबो म्हणाला, "हे नीट सांगा. हा काय म्हणाला?"

मी माझ्या नाटकाच्या इतकी आत गेले होते की मागे फिरायला वाट नव्हती. "तो म्हणाला, नारळ राजाचे नाहीत. ज्यांनी पाणी घातलं, त्यांचे आहेत."

काबो उभा राहिला.

त्याच्याबरोबर बंदूकही उठली तसा मांडव मागून पुढे गप्प होत आला. तो सावकाश चालत रंगमंचावर चढला. मोरूने कंसाच्या छातीवरचा पाय काढून घेतला. मास्तर विंगेतून बाहेर आले आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. म्हणजे बेड्या घालायच्या तर मला घाला. आत्या रवळनाथाचं नाव घेत होती.

काबोने हात पुढे केला. बाबलने पडल्यापडल्याच ती दुध्याची टोपी त्याच्या हातात दिली.

काबोने ती उलटसुलट करून पाहिली. मग बंदूक खांबाला टेकवून ठेवली, स्वतःची टोपी बगलेत मारली आणि ती पांढरी टोपी डोक्यावर चढवली.

आणि तो चालला.

बाबलची नक्कल नक्कलच होती. हा तर साक्षात आदमिनिस्त्रादोर होता! पाडलेला खांदा, पण त्याबरोबर वर उचललेलं नाक. रुमाल नाकाला लावायच्या आधी करंगळी वेगळी होणं. आणि मध्येच थांबून, कुणी पाहत नाही ना अशी खात्री करून घेत, मागे हात नेऊन विजार वर ओढणं. ती लकब आम्ही सगळ्यांनी पाहिली होती, पण पाहिली आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. शेवटी तो करडाकडे वळला आणि साहेब कुत्रीला 'माझी लाडकी' म्हणून हाक मारतो त्या बारीक, लाडात आलेल्या आवाजात म्हणाला, "लुलू! लुलू, मिन्या केरीदा!"

करडू धावत त्याच्याकडे गेलं.

पहिली हसली ती आत्या. तिच्यासारख्या सोवळ्या विधवेला चारचौघांत असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती बाकावर आडवी झाली. मग मांडव हसला, मास्तर डोळे पुसत हसले, बाबल पडल्याजागी पोट धरून लोळला. काळा रंग ओघळलेली पूतना हसून हसून पार गोरी झाली.

काबोने टोपी काढून बाबलच्या डोक्यावर ठेवली आणि मला हाक मारली. "सेन्योरा, ह्याला सांगा. नाक आणखी वर पाहिजे."

मी सांगितलं. मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

---

काल्याचा प्रसाद वाटला तेव्हा तो देवळाच्या पायरीखाली उभा होता. मी त्याला विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"टोपीबरोबर," तो म्हणाला. "पण तुमचे नारळ छान होते. मला शेवट ऐकायचा होता."

मग त्याने नदीकडे बोट दाखवलं. त्याचं गावही असंच होतं म्हणाला. उंच पठारावर, खाली नदी आणि नदीपलीकडे दुसऱ्यांचं राज्य. तिथे इंग्रजांचं. त्याच्या गावात लोक लाकडाचे मुखवटे कोरतात आणि ते घालून नाचतात. एके वर्षी त्याच्या थोरल्या भावाने एक मुखवटा कोरला. लांब नाक, पांढरी टोपी. तिथला पाखला साहेब नाच बघायला आला होता. त्याला वाटलं, हे कुठलं तरी भूत असेल. त्याने टाळ्या वाजवल्या.

"मग?"

"मग त्याने शेजारच्या दुभाष्याला विचारलं, हे कोण? दुभाषी आमच्यातलाच होता. चांगला माणूस. त्याने खरं भाषांतर केलं."

त्याच्या भावाला जहाजात घालून दूरच्या एका बेटावर कोकोच्या बागेत कामाला पाठवलं होतं. अकरा पावसाळे झाले होते. आई अजून त्याचं पान वाढते, असं तो म्हणाला.

माझ्या हातातला द्रोण तसाच राहिला. मी ते सगळं आत्याला सांगितलं. आत्या उठली, पायऱ्या उतरली, आणि काल्याचा द्रोण खाली न ठेवता, वरून न टाकता, थेट त्याच्या हातात दिला.

"नाव विचार त्याचं," ती मला म्हणाली. "काबो हे काय नाव झालं?"

"अल्बेर्तु," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "ते मिशनचं. घरी न्तालुमा म्हणतात."

आत्याने ते तीन-चारदा घोळवलं. "ताळमा," शेवटी ती म्हणाली. "ताळमा, पोटभर खा."

जाताना ताळमाने मला विचारलं, "कचेरीत नाटकाची गोष्ट सांगावी लागेल. कुठली सांगू?"

"कुठली बरी वाटते?"

"नारळांची," तो म्हणाला. "साहेबाला बागायतीची आवड आहे."

त्याने ती इतकी रंगवून सांगितली की पुढच्याच आठवड्यात कचेरीतून हुकूम आला. वेळशी गावचं नाटक शेतकऱ्यांना उद्योगाची गोडी लावणारं असल्यामुळे ते तालुक्यातल्या इतर गावांतही करून दाखवावं. मास्तरांनी तो हुकूम वाचला आणि हसू आवरेना म्हणून विहिरीच्या काठावर जाऊन बसले. त्या उन्हाळ्यात आम्ही गावोगाव गेलो. बाबांचे गाल उतरले होते, पण दुभाषी मीच राहिले. बंदोबस्ताला ताळमा असायचा, चेहरा दगडासारखा ठेवून. बाबलचं नाक प्रत्येक गावी आणखी वर जात होतं. लोक बैलगाड्या जुंपून नाटकाला यायचे. एरवी साहेबाची सावली दिसली तरी रस्ता सोडणारी माणसं घरी जाताना एकमेकांसमोर एक खांदा पाडून चालून दाखवायची.

पावसाळ्याआधी ताळमाची बदली झाली. निरोप घ्यायला तो आमच्या घरी आला. कुठे जायचं हे त्यालाही सांगितलं नव्हतं. मकाव असेल, तिमोर असेल. त्यांची जहाजं जातील तिथे ह्याने जायचं.

आत्या ओसरीवर फणसाचे गरे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली. "विचार त्याला, घरी का जात नाही?"

मी विचारलं. "ते गेले की मी जाईन," तो म्हणाला.

आत्याने मान हलवली. "उलटं आहे ते. सांग त्याला, तू आधी घरी जा. तुझ्यासारखे सगळे घरी गेले, तर पाखल्यांची बंदूक धरायची कुणी? त्यांना जावंच लागेल."

ह्या वेळी मी एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही. तो ऐकत राहिला. खांद्यावरची बंदूक त्याने काढली, हातात तोलून पाहिली, पुन्हा खांद्यावर घेतली.

"तुमच्या आत्याला सांगा, माझी आईही हेच म्हणाली होती," तो म्हणाला. "तेव्हा मला वाटलं, म्हातारीला काय कळतं."

मग तो हसला, आत्याच्या पायांना हात लावला (हे तो आमच्याकडे पाहूनच शिकला होता) आणि फणसाचे गरे रुमालात बांधून सायकलवर बसला. उतारावर सायकल भरधाव सुटली तसा तो मोठमोठ्याने गाऊ लागला. पोर्तुगीज नव्हे, त्याच्या भाषेतलं काहीतरी. इतक्या दिवसांत ती भाषा आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. ताल असा होता की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा माना डोलवत आहेत असं वाटावं.

"काय म्हणतो गो?" आत्याने विचारलं.

"ठाऊक नाही, आत्या. त्याची भाषा मला येत नाही."

वळणाआड जाईपर्यंत आत्या कान देऊन ऐकत राहिली. तिचं बोट सुरीच्या मुठीवर ठेका धरत होतं.

"नसू दे," ती म्हणाली. "ही त्याची त्याच्याकडेच राहू दे."